केसपेपरवरचं ‘माहीत नाही’

टिपणीस मॅडमच्या पंचाहत्तरीच्या अंकासाठी लिहा, असा निरोप आल्यापासून माझा गोंधळ उडालाय. तसा तो जुनाच. मुलुंडच्या त्यांच्या अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात मी नोकरीला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी मॅडम स्वतःच्या हातावर थेंब टाकून सुई टोचत बसल्या होत्या. म्हटलं, या पेशंट असतील तर डॉक्टर कुठायत? “आधी आपल्या हाताला खाज सुटते का बघायचं, मग लोकांच्या,” त्या म्हणाल्या. थेंब ताजे आहेत ना, याची ती खात्री. आजही त्या ती करतात.

माझं काम चाचणीचं. धूळ, परागकण, मांजराचा कोंडा, एकेकाचा थेंब हातावर टोचायचा, थोडं थांबायचं, कातडीवर लाल फुगीर गांधी उठली की मोजायची. इथवर ठीक. पण मॅडम पुढचं समजावायच्या ते डोक्यावरून जायचं. अंगाचं रक्षण करणाऱ्या पेशी रसायन सोडतात, त्यानं नसा चाळवतात, मग खाज आणि शिंका. आणि नसा उलट पेशींनाही चिथावतात! “मग भांडण आधी कोण काढतं?” मी विचारलं.

“ते प्रत्येक वेळी मलाही सांगता येत नाही गं.” एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण कळलं नाही तर केसपेपरवर सरळ ‘माहीत नाही’ लिहितात.

माझ्या लेकीनं सोनी नावाचं मांजर आणलं आणि माझ्या बाबांच्या शिंका सुरू झाल्या. बाबा गिरणीतून निवृत्त, मूळचे कणकवलीचे. मीच त्यांची चाचणी केली. हात कोरा! मी हुशार, सगळ्यांसमोर म्हणाले, “बाबा, मांजर आवडत नाही तर सरळ सांगा ना. नाटक कशाला?”

“नाक माजा गळता, आणि तुझो कागद सांगता काय नाय म्हणान!” बाबांनी पिशवी भरली. “मी गावाक जातंय. खोटारडो म्हणान ह्या घरात रवाचंय नाय.”

माझी पुरती वाट लागली. गावी त्यांचं होतं कोण? रडत मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “चाचणीआधी गोळी बंद केली होती का?”

अरे देवा! सर्दीच्या गोळीनं गांधी दबते, म्हणून प्रत्येक पेशंटला आम्ही हे विचारतोच. बाबा रोज सकाळी औषधवाल्याकडची गोळी घेत होते. आपलेच बाबा म्हणून मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी मॅडम आमचे तीन जिने चढून आल्या, ते दुखरे गुडघे घेऊन. बाबांसमोर हात जोडून म्हणाल्या, “दवाखाना माझा, चूक माझी. पुन्हा एकदा हात द्याल?” माझं नावही घेतलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी पिशवी खाली ठेवली.

गोळी बंद करून पुन्हा टोचलं, तर ही टम्म गांधी! सोनी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सुटले म्हणते तोच बाबा सोनीचा मोबाइलमधला फोटो बघून शिंकले! फोटोला कुठला आलाय कोंडा?

मॅडम हसल्या. “तेव्हाची शिंक मांजराची, ही कदाचित आठवणीची. नसाही सवय लावून घेतात. नाकाला दोन्ही सारख्याच खऱ्या.” कागदावर मात्र लिहिलं, ‘माहीत नाही’.

काल हा लेख बाबांना वाचून दाखवला. सोनीचं नाव आलं आणि ते सटासट तीनदा शिंकले. ही कुठली शिंक, मला अजूनही कळत नाही. मी काही विचारलं नाही. उठले, आणि रुमाल दिला.

मॅडम, हे तुम्ही शिकवलंत. गुडघे सांभाळा, ठणठणीत राहा, शंभरी पार करा. माझं बरंच समजून घ्यायचं राहिलंय.