न विचारलेलं कोपर
सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका कापड गिरणीच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. रजेसाठी कामगार खोटी दुखणी घेऊन येतात, अशी माझी पक्की समजूत होती. त्यातही कोपराचं दुखणं म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. ताप निदान मोजता तरी येतो.

म्हणून मी माझी पद्धत बसवली होती. रोग्याने कुठे दुखतं ते सांगायचंच नाही, नुसता हात पुढे करायचा. आधी मूठ वळून मनगट वर उचलायला लावायचं आणि मी वरून दाबायचं. मग तळवा जमिनीकडे करून त्याच हाताने खुर्ची उचलायला लावायची. शेवटी गावच्या गप्पांत गुंतवून कोपर हळूच सरळ करायचं. ज्याचं खरंच दुखतं तो गप्पांतही कळवळतो. या पद्धतीचा मला भलताच अभिमान होता.

एका सकाळी मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरकडचा एक विणकर आला. सांडलेल्या तेलावरून घसरून पडला, कोपर दुखते, एवढंच त्याच्या विणकाम खात्याच्या चिठ्ठीत होतं. मी ‘अनफिट’ लिहिलं तर त्याला रजा. ‘फिट’ लिहिलं तर पडल्यापासून घरी बसलेले दोन दिवस गैरहजेरीत जाणार. आधीच्या गैरहजेऱ्या इतक्या की तेवढ्याने नोकरी गेली असती. नेमकी म्हणूनच मला शंका आली.

“तोंडातून शब्द काढायचा नाही. हात दाखव.”

डावा हात खांद्यावरच्या दुपट्ट्यात पोटाशी धरून त्याने उजवा पुढे केला. मूठ, मनगट, खुर्ची, सगळं त्याने निमूट केलं.

“यंदा मिरची कशी काय?” म्हणत मी कोपर ताणलं.

“बरी आहे जी,” तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

सापडला लबाड! मी खुशीत ‘फिट’ लिहून कागद कारकुनाकडे सरकवला. विणकराला सही येत नव्हती, म्हणून कारकुनाने रिवाजाप्रमाणे डाव्या अंगठ्याच्या ठशासाठी त्याचा तो हात दुपट्ट्यातून ओढला. तो असा ओरडला की बाहेरची रांग आत डोकावली. कोपर टम्म सुजलेलं होतं आणि सरळ होतच नव्हतं.

“हा हात काहून नाही दाखवला?” माझ्याही तोंडून तिथलीच बोली निघाली.

“तुमीच तर बोलू नको म्हणले जी. अन् डाक्टरसायबाच्या हातात डावा हात कसा देऊ?”

मला लाज वाटायला हवी होती. पण आधी वाटला संशयच: पडला तेव्हाची सूज कशावरून, जुनी असेल तर? मी ते कोपर पुन्हा दाबलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा कुठे मी थांबलो. ते दाबणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पहिला कागद फाडून मी दुसरा लिहिला, ‘अनफिट’. त्याला मोठ्याने वाचूनही दाखवला आणि अंगठ्यासाठी पुढे केला. त्याने अंगठा दिला नाही. कागद उजव्या हातात घेऊन तो दाराशी गेला, रांगेतल्या एका शिकलेल्या पोराला म्हणाला, “वाच गा, काय लिवलं?”

पोराने वाचलं. विणकराने त्याला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी खुर्चीत बसून ऐकत राहिलो.

मग तो परत आला आणि त्याने अंगठा दिला.