यमुनासाठी कर्णा वाजला नाही

आमच्या घणसोलीकडच्या गावठाणात माणूस गेलं की देवळावरच्या कर्ण्यातून नाव पुकारतात. मग दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, पुरुष बांबू आणायला निघतात. माझी धाकटी बहीण यमुना वारली त्या सकाळी कर्णा गप्प होता. गावकीनं तिला वाळीत टाकलेलं, ते मेल्यावरही सुटलं नाही.

मी चौथीत शाळा सोडून बापाबरोबर मिठागरात लागलो. ती शिकली, पालिकेत नर्स झाली. शेतं गेली, टॉवर आले, तरी लशीचा डबा खांद्याला अडकवून ती याच गल्ल्या फिरत राहिली. आया पोरांना तिचं भेव घालायच्या, "जेव, नायतर सिस्टर येल." ती हसायची. "दादा, पोरं रडतात म्हंजे जिती हायेत." गावकीचा पुढारी हिराजी. त्याचा निखिल सातव्या महिन्यात जन्मला, मांजराच्या पिल्लाएवढा. आईच्या उघड्या छातीशी त्याला कसं बांधून ठेवायचं ते यमुनानं शिकवलं, ड्युटी संपली की रोज जाऊन बघायची. हिराजीची आई टोमणा मारायची, "पोर हाय का गल्यातला ताईत?" पोर जगलं.

साथीच्या वर्षी त्याच निखिलची हळद निघाली. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, डीजे, सगळा गाव एकाला एक चिकटून. यमुना मांडवात गेली, हात जोडून थांबवा म्हणाली. अंगभर पिवळा झालेला निखिल सगळ्यांदेखत बोलला, "सिस्टर, टोचायला आलीस का नाचायला?" मांडव हसला... तिनं बाहेर येऊन वर कळवलं. पोलिसांनी मांडव बंद केला, पण उशीर झाला होता. हिराजीची आई त्याच तापात गेली. तिला खाट मिळावी म्हणून दवाखान्यादवाखान्यात फोन लावत बसलेली यमुनाच होती. तरी गावकी बसली आणि ठरलं, सिस्टरनं हळद मोडली, तिनंच म्हातारी खाल्ली. देवळात नारळ ठेवून माफी मागेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही. मी तिच्या ताटाला ताट लावून जेवत राहिलो, म्हणून मीही वाळीत. तिनं नारळ ठेवला नाही. म्हणाली, "दादा, मी माफी मागली तर उद्या दुसरा मांडव कोन थांबवील?"

ती गेली त्या सकाळी हिराजी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "दादूस, बहिनीच्या नावानं तू नारल ठेव. आत्ता कर्ना वाजवतो. सगला गाव खांद्याला येल."

मी म्हटलं, "तिचं तोंड बंद झालं म्हनून माजं उघडाया आलास? चालता हो."

पालिकेची शववाहिनी गल्लीत शिरत नाही, तोंडाशीच थांबते. तिथपर्यंत तिला आमच्या खोल्यांतल्या भाडेकरूंनी नेलं. मराठवाड्याकडची माणसं, नात्याची ना जातीची. गावच्या खिडक्या बंद होत्या. त्या खिडक्यांमागं एक दंड नसेल तिनं न टोचलेला.

मागच्या दाराचं सांगायचं राहिलं. वाळीत टाकल्यावरही गावच्या सुना तिच्याकडे यायच्या, पण न्हाणीकडून, पोर पदराखाली लपवून. ताप आहे, दूध ओढत नाही... ती सगळ्यांना आत घ्यायची, वर चहा पाजायची. मला ते कधी पटलं नाही. गेल्या रविवारी ते दार वाजलं. हिराजीची सून, निखिलची बायको, पोर कडेवर.

"बाबा, सिस्टरचा थर्मामीटर हाय का? पोर तापलंय. दवाखाना बंद हाय."

"हाय. तिच्या खोलीत पेल्यात उभा हाय. पुढच्या दारानं ये, देतो."

आमच्या पुढच्या दारासमोर हिराजीचा ओटा आहे, त्यावर सकाळपासून माणसं बसलेली असतात. तिला ते ठाऊक होतं. पोर किरकिरत होतं, ती त्याला थोपटत उभी राहिली आणि मग आली तशीच गेली. मी पुढचं दार सताड उघडून खुर्ची टाकून बसलो. कोणी आलं नाही. पोराचं रडणं मागच्या गल्लीतून लांब लांब जात राहिलं.

यमुना असती तर अनवाणी मागं धावली असती. तशी एकच होती या गावात. तिला यांनी परक्यांच्या खांद्यावर पाठवली.