बाहेरच्या थरात लोकर

काचेचं कासव ओतायचं, तर काचेच्याही आधी काय ओतावं लागतं, सांगा बरं? नाही ना येत? मेण! कळंबच्या कौसल्येला ते नुसतं बघून आलं.

१९९६ साली ती बारामतीच्या एका काचकारखान्यात झाडू मारायची. दत्तोबा मिस्त्री प्लास्टरच्या साच्यात वितळलेलं मेण फिरवून उरलेलं ओतून काढायचा. आत राहायची कासवाची पातळ मेणखोळ. तिच्या आतबाहेर पुन्हा प्लास्टर भरायचं, वाफेनं मेण काढायचं आणि त्या पोकळीत काचेचे तुकडे घालून साचा भट्टीत ठेवायचा. पण साचे भट्टीत तडकायचे नि काच बाहेर वाहायची.

"तात्या, बाहेरच्या थरात मेंढराची लोकर घाला," कौसल्या म्हणाली.

"कासवाला घोंगडं पांघरतीस व्हय गं?"

"आमी भिंत लिंपताना मातीत घालतो. चिरत न्हाय."

"अन् जळली म्हंजी?"

"जळू द्या की! वाफंला वाट हुईल. साचा टिकला तर हजेरीवर मला साचेकार लिवायचं."

"अन् तडकला तर जन्मभर झाडू," दत्तोबानं बजावलं.

घाईघाईत तिनं घरच्या पोत्यातली लोकर आणली नि तशीच कालवली. लोकरीच्या तेलकटपणानं प्लास्टर धरेचना. भट्टीच्या आधीच पापुद्रे गळाले. सगळा कारखाना हसला. घरी सासू सरुबाईनं कपाळाला हात लावला.

"धनगराची सून ना गं तू? मेंढरं धुतल्याबिगर कोण कातरतं? ती मेलेल्या मेंढीची लोकर, पाणीबी लागलेलं न्हाय तिला!"

सकाळी दत्तोबा झाडू घेऊन कारखान्याच्या दारातच उभा.

"तडकला तर, असं तुमी म्हणाला हुता, तात्या. ह्यो तडकला कुठं? भट्टीत गेलाच न्हाय!"

दत्तोबाला हसू आवरेना. त्यानं झाडू बाजूला ठेवला.

या खेपेला लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतलेली, वाळवलेली, पिंजलेली. भट्टी निवायला दोन दिवस गेले. साचा फोडला, तर आत अख्खं हिरवं कासव, नखांसकट. काच थेंबभरही सांडली नव्हती.

हजेरीवर साचेकार लिहायची वेळ आली, तर मालक म्हणाला, "साच्याचं काम कर की. हजेरीवर झाडूवाली काय नि साचेकार काय, फरक काय पडतो?"

"पडत न्हाय ना? मग साचेकारच लिवा."

लिहावं लागलं! वर्षभरात तिच्या हाताखाली तीन बायका शिकल्या. तिघींची नावंही तशीच चढली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडं कुणी काम एक करतंय नि कागदावर दुसरंच लिहिलंय का, आजच बघा. असेल तर खोडा, आणि खरं लिहा.