समुद्राच्या पाण्यासाठी अर्ज

मी लिहायला बसावं एवढी माझी पात्रता नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी अंगठेच उठवले. त्यात गोव्याच्या कायद्यांबद्दल लिहायचं, म्हणजे जाणकारांची माफी आधीच मागायला हवी. आम्हाला ते कायदे जरा जास्तच कळले होते, एवढंच माझं म्हणणं आहे.

उस्मानाबादपासून लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. गावात पाणी उरलेली एकच विहीर सरकारनं ताब्यात घेतली होती. तिच्यावर टँकर भरायचे आणि शिपाई बसायचा. लग्नकार्याला दोन घागरी जास्त हव्या असल्या तरी तहसीलची चिठ्ठी लागायची. अशात कॉलेजची सहल गोव्याला निघाली. आईनं एका अटीवर पाठवलं.

"समुद्राचं पाणी पिता येत न्हाई, हे तूच सांगितलंस. मी टँकरवर बोलले, तर बाया मलाच हसायल्या. एवढं पाणी, आन् पिता येत न्हाई म्हणे. एक कॅन भरून आण. एकेकीला चाखवते."

बसमध्ये आमच्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी गोव्याचा कायदा समजावून सांगितला. ते स्वतः तिकडे जाऊन आले होते, म्हणजे त्यांचा साडू जाऊन आला होता.

"पोरांनो, तिथं अजून पोर्तुगीजांचा कायदा हाय. पायजम्यावर वाळूत गेलं की दंड. गोऱ्या माणसाकडं बघितलं की आत. दारू पिली तर काही न्हाई, पण न पिता फिरलं की पोलीस संशय घेतात."

त्यामुळे आम्ही पन्नास जण पँटी घालून, माना खाली घालून समुद्रावर गेलो. निम्म्यांनी समुद्र पाहिलाच नाही, कारण त्या दिशेला एक गोरं जोडपं बसलं होतं. एका धार्मिक मुलानं संशय नको म्हणून वाळूतली रिकामी बाटली उचलून हातात धरली होती.

मी कॅन भरला. मग मनात आलं, गावातल्या विहिरीला चिठ्ठी लागते, तर हा समुद्र बिनचिठ्ठीचा कसा असेल? मी भाऊसाहेबांना विचारलं.

"तू भरलास पण?" ते दचकले. "सरकारी पाणी हाय ते. जा, चौकीत विचारून ये. आमचं नाव सांगू नको."

चौकीतला हवालदार मराठी चांगलं बोलत होता. "काय न्यायचंय?"

"पाणी, साहेब. समुद्राचं. पाच लिटर."

"कशाला?"

"आईला दाखवायला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या सहकाऱ्याकडे. "लेखी अर्ज दे," तो गंभीरपणे म्हणाला. "उत्तर पोस्टानं येईल."

मी दोन पानी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, आपला विश्वासू, सगळं नीट. पत्त्यात सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहून गेलो. परवानगी अजून आली नव्हती, म्हणून कॅन जिथून भरला तिथेच ओतला. निघताना चौकीच्या आतून हसण्याचा आवाज आला होता, तो माझ्यावर असेल, असं तेव्हा वाटलं नाही.

गावात आल्यावर टँकरच्या रांगेत आईला ऐकावं लागलं. "काय गं कॉलेजवाल्याची आई, समुद्र कुठं ठिवला?" दुसरी म्हणायची, "पोरगं गेलंच न्हाई. लातूरला शिनेमा बघून आलं." आई रांग संपल्यावर, उन्हात, टँकरच्या तळाचं गढूळ पाणी आणायला एकटी जाऊ लागली. ते मला सहन होत नव्हतं. मी रोज पोस्टमनची वाट अडवायचो.

कागद चार महिन्यांनी आला. उस्मानाबादचे दोन शिक्के खाऊन आला होता. मी आईला वाचून दाखवला. तिनं पदर खोचला आणि मला हाताला धरून भरल्या रांगेत नेऊन उभं केलं.

"वाच," ती म्हणाली. "शेवटचं मोठ्यानं वाच."

मी वाचलं, "समुद्राचे पाणी नेण्यास कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही. मात्र सदर पाणी पिण्यास योग्य नाही, याची अर्जदाराने नोंद घ्यावी."