तळाची कोरी बाजू

संघप्रिया सोनकवडेचा तोरा आधीच सांगून टाकतो. सर्किट बोर्डाचं ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर तिनं सोलापुरात बसून एकटीनं लिहिलं होतं. त्याला कुणी नावं ठेवली की बाई फणकारायची, "माझं सॉफ्टवेअर चुकत नाही. आधी स्वतःचे डोळे तपासा!"

त्या दिवशी तिचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या रेवणसिद्ध अण्णांनी तिला आपल्या कारखान्यात बोलावलं आणि हातात नवा बोर्ड ठेवला. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरचा. वरची बाजू झकास. तिनं तो उलटा केला. खाली तांब्याची एक रेघ नाही! नुसती भोकं. अख्खा लॉट असाच आला होता.

"सोमशेखरनी पुसलं असणार," ती म्हणाली. क्षणाचाही विचार न करता! ड्रॉइंग कारखान्यातल्या सोमशेखरचं. तो अक्कलकोटकडचा, खाली मान घालून काम करणारा गडी. समोरच उभा होता. "असंल," एवढंच बोलला. अण्णांनी त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं.

तो गेल्यावर संघप्रियानं सहज म्हणून त्याची फाइल उघडली. अगं आई गं! एकही रेघ पुसलेली नव्हती. खालच्या सगळ्या रेघा बोर्डाच्या पोटातल्या मधल्या थरात जाऊन बसल्या होत्या.

तिच्या सॉफ्टवेअरात सुरुवातीला बोर्डाचे थर दोनच: वरचा शून्य, खालचा एक. प्रत्येक रेघेपाशी तिनं थराचा नुसता नंबर ठेवला, थराची न बदलणारी ओळख नाही. दोनच तर थर, कशाला एवढा खटाटोप, म्हणून कंटाळा केला. सोमशेखरनं मध्ये दोन थर वाढवले. खालच्याचा नंबर झाला तीन, आणि रेघा एक नंबरलाच, म्हणजे आता मधल्या थरालाच, चिकटून राहिल्या. इमारतीत मध्येच मजले वाढवावेत आणि पोस्टमननं जुन्याच मजल्यावर पत्रं टाकत राहावं, तसं.

ती धावतच फाटकाशी गेली. सोमशेखर गाडीला डबा अडकवत होता.

"सोमशेखर, तुम्ही काहीच पुसलं नव्हतं हो! चूक माझी आहे. माझी!"

त्यानं वळून तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"मग तुम्ही 'असंल' का म्हणालात?" ती जवळजवळ ओरडलीच.

"पुसल्याचं आठवत न्हवतं की मॅडम. पन तुमचं सॉफ्टवेअर चुकत न्हाय, असं तुमीच सांगता. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

संघप्रियानं गाडीवरचा डबा काढून घेतला आणि त्याला घेऊन अण्णांकडे निघाली.