गप्प बाळंतीण

"बाळ रडलं की घर जागं होतं, बाळंतीण गप्प झाली की कोणाला पत्ताच लागत नाही." मी नर्सिंग शिकत असताना आमच्या मोठ्या सिस्टर असं म्हणाल्या होत्या.

मैत्रिणींनो, आज कॅम्प चार वस्तीत एका बाळंतिणीला तपासायला गेले. तिचं नाव लिहीत नाही. तिची प्रसूती माझ्याच हातून झाली. घर पाहुण्यांनी भरलेलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "सिस्टर, तुमची पेशंट एकदम शांत हां! काही कटकट नाही."

टाके सुकत आले होते, बाळही छान पीत होतं. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या, तशी ती हळूच म्हणाली, "ताई, हा रडतो ना, तेव्हा मला काहीच वाटत नाही. मी नुसती बघत बसते."

दिवसा पाहुणे, रात्री बाळ. ती धड झोपलेलीच नाही. मी सासूबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या. त्या हसल्या. "कसलं टेन्शन घेता? रविवारी बारसं आहे, बघा कशी खूश होते!"

आता घरी आलेय. पाय ठणकतायत. तरी सासूबाईंना फोन लावतेय. आमंत्रणं गेलीत, हॉल ठरलाय, त्या काय म्हणणार ते मला माहीत आहे. तरी विचारणार आहे: मावशी, उद्या तिला माझ्याबरोबर पाठवा, आणि बारसं थोडं पुढे ढकला.