करडईचे दाणे

लेकीला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलं, म्हणून मी अमेरिकेत आले. तिला अन्न जात नव्हतं. मागच्या अंगणात तिच्या खिडकीसमोर पाखरांसाठी टांगलेल्या दाण्याच्या भांड्यावर कार्डिनल नावाचा लाल पक्षी यावा, एवढाच तिला ध्यास. पण सूर्यफुलाच्या बिया सगळ्या खारीच फस्त करायच्या.

दुकानात दुसऱ्या बियांची पिशवी दिसली. पांढरा दाणा बघताच ओळखला. करडई! गुरं शिरू नयेत म्हणून वडील शेताच्या कडेने हीच काटेरी करडई पेरायचे.

"आई, हे खाईल तो?"

"न खाऊन सांगतो कुणाला?"

मी भांडं करडईने भरलं. खारींनी दाणे हुंगून सोडून दिले. संध्याकाळी भांड्याखाली सांडलेले दाणे टिपायला उरल्यासुरल्या बर्फावर तो लाल पक्षी उतरला, आणि बघता बघता मला बर्फ दिसेनासा झाला. नुसती पिवळीकेशरी फुलं, ऊन आणि बांधावरून चालणारे वडील. एवढ्याशा चोचीत आमचं अख्खं शिवार मावलं होतं.

त्याने दाणा फोडला आणि शेजारी येऊन बसलेल्या मादीला भरवला.

"आई, बघ ना!" लेक हळूच म्हणाली. मग जरा वेळाने, "मलाही थोडा मऊ भात दे गं."

मी खिडकीपासून उठले आणि कुकर लावला.